नास्तिकाची गाय

धुळ्यातल्या आमच्या देवपुरातला सर्वांत कट्टर नास्तिक दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर हजर असायचा. काकू दर्शनाला आत जायच्या आणि नाना बाहेर चपला सांभाळायचे. फक्त काकूंच्याच नव्हे, येईल त्याच्या. देवळातून चपला चोरीला जात आणि नानांना ती गोष्ट फार आवडत असे. "काढा इथे, निर्धास्त जा," ते लोकांना सांगत, "आत सर्वशक्तिमान बसलाय, पण चपलांचं खातं त्याच्याकडे नाही. ते माझ्याकडे आहे."

लोक हसत. कोणी चिडतही. एकदा एका म्हाताऱ्या अक्कांनी त्यांना म्हटलं, "नाना, दर शनिवारी दारापर्यंत येता, तर दोन पावलं आत या की."

"नको अक्का. मी त्याच्या कामात पडत नाही, त्यानं माझ्या पडू नये. तुमच्या चपलेचा अंगठा तुटलाय बघा. आत मागायलाच चालल्या आहात, तर तोही मागून घ्या."

अक्का आत गेल्या. त्या बाहेर येईपर्यंत नानांनी कोपऱ्यावर जाऊन अंगठा शिवून आणला होता. चपला पुढे ठेवत त्यांनी विजयी मुद्रेने विचारलं, "आता सांगा, हे कोणी केलं?"

"मारुतीनं," अक्का म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

नाना हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शाळेत त्यांना सगळे 'पुरावा सर' म्हणत. उशिरा आलेल्या मुलाने "सर, सायकल पंक्चर झाली," असं सांगितलं तरी ते विचारत, "पुरावा काय?" त्यामुळे आमच्या वर्गातली पोरं दप्तरात रबरी ट्यूबचा एक तुकडा बाळगू लागली. तोच तुकडा वर्षभर सगळ्यांच्या कामी आला. नानांच्या ते लक्षात आलं होतं, पण ते म्हणायचे, "पुरावा खोटा आहे, पण पुरावा लागतो एवढं तरी ह्यांना कळलं. इथवर कबूल."

'इथवर कबूल' हे त्यांचं दुसरं पालुपद. कोणाशीही वाद घालताना ते टेबलावर बोटाने आडवी रेघ ओढत आणि म्हणत, "इथवर कबूल. पुढचं सिद्ध करा." टेबल नसलं तर मांडीवर ओढत. एकदा एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर ओढली होती.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला, हायस्कुलासाठी धुळ्याला आलेला. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा झालेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो आणि पुढे जळगावला मास्तर झालो, ह्याचं श्रेय मी नानांना आणि काकूंना देतो. कॉलेजच्या वर्षांत त्यांनी मला घरामागची खोली दिली होती. भाड्याचा विषय काढला की नाना म्हणत, "भाडं म्हणून रोज एक शंका आणायची. चांगली पाहिजे. कालची चालणार नाही." शंका शोधता शोधता माझा अभ्यास झाला.

घरात काकू देवभोळ्या होत्या. भोळ्या म्हणणं तितकंसं बरोबर नाही, कारण नानांशी संसार करून त्याही तयार झाल्या होत्या. चौरस्त्यावर उतारे म्हणून टाकलेली लिंबं नाना उचलून आणत आणि त्यांचं सरबत करून आम्हाला पाजत. काकूंनी ते कधी प्यायलं नाही. आम्ही प्यायलो, कारण उन्हाळा धुळ्याचा होता. एकदा सरबतानंतर नानांना खोकला झाला. काकू शांतपणे म्हणाल्या, "लिंबामुळे झाला असं मी म्हणत नाही. पुरावा नाही माझ्याकडे. पण काढा तयार आहे."

वर्षातून एकदा काकू सत्यनारायण घालत. नानांची हरकत नसे. त्यांची अट एकच असायची, की मध्ये शंका विचारू द्यायच्या. पूजा सांगायला येणारे भटजी त्यामुळे आमच्या घरी तासभर आधी येत, शंकासमाधानाचा वेळ धरून. दोघांचं जमायचं छान. "नाना," भटजी म्हणत, "पंचक्रोशीत माझी पोथी नीट ऐकणारे तुम्ही एकटेच. बाकीचे शिऱ्याकडे बघतात."

पण नानांचा खरा प्रतिवादी देवपुरात नव्हताच. तो होता साक्री रस्त्यावरच्या त्यांच्या गावात. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं.

आबा चौथीतून शाळा सोडून शेतीला लागले होते, म्हणून नाना शिकू शकले. नाना ते कधी विसरले नाहीत आणि आबांनी कधी विसरू दिलं नाही. "तुले इतलं शिकाडं, तेच मनं चुकनं," असं आबा त्यांना म्हणायचे, आणि तोंडभर हसायचे. गावात कोणी नानांच्या नास्तिकपणाला नावं ठेवली तर मात्र आबा त्याला झापायचे. धाकट्या भावाशी देवावरून भांडण्याचा हक्क त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेला होता.

हे भांडण ऐकायला मी कितीदा तरी नानांबरोबर गेलो आहे. नाना बसमधून उतरून मळ्यात पोचत, आबा विहिरीच्या थारोळ्याजवळ, पाण्याच्या दगडी कुंडाशी बसलेले असत. पाणी विचारणं, घरची खुशाली, काही नाही. आबा थेट मागच्या वेळी जिथे राहिलं होतं तिथून सुरू करत.

"मंग? बी जमिनीत टाकं. ते कोन उगाडस?"

नाना सांगत. ओलावा, उष्णता, अंकुर, त्यातली रसायनं. काडीने मातीत आकृती काढत. आबा सगळं नीट ऐकून घेत. त्यांचं डोकं चांगलं होतं आणि शिकायची हौस जिरली नव्हती, म्हणून विज्ञानाचा भाग त्यांना मनापासून आवडायचा. सगळं झालं की ते म्हणत, "हां. कसं उगवते ते तू सांगं. का उगवते ते सांग."

"का, हा प्रश्नच चुकीचा आहे आबा. बियाला हेतू नसतो."

"बियाले नसो. तुले शे का नही?"

"मला आहे."

"काय?"

"मुलांना शिकवणं."

"पोरं शिकनात. मंग?"

"मग ती त्यांच्या मुलांना शिकवतील."

"मंग?"

"मग त्यांची मुलं."

"मंग?"

नाना चिडत. आबा तंबाखू मळत म्हणत, "पाह्य. मी आठेच एका जागावर बसेल शे, अन् तू पळी पळी दमी गया."

नाना मांडीवर रेघ ओढत. "विश्वाला हेतू नाही, माणसाला तो स्वतः तयार करावा लागतो. इथवर कबूल?"

"इथवर कबूल," आबा म्हणत, आणि नाना खूश होत. मग आबा पुढे म्हणत, "आते माणूस कोनी तयार कया ते सांग." वाद परत विहिरीपाशी यायचा. वहिनी, म्हणजे आबांची बायको, भाकरीचं फडकं घेऊन यायच्या आणि दोघांच्या मध्ये ठेवून म्हणायच्या, "देव शे, नही शे, भाजी गार व्हई राह्यनी." मग दोघं एकाच थाळीत जेवत.

असे हे दोघे भाऊ. पण वर्षातला एक दिवस असा होता, की नाना त्या घराची पायरी चढत नसत.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडतात. त्यासाठी रोट होतात. रोटांचं दळण घरातल्या माणसांच्या नावाने मोजायचं असतं. प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू. परगावी असलेल्याची मूठ, तान्ह्या मुलाची मूठ, भांडून वेगळं झालेल्याचीसुद्धा मूठ. ते रोट फक्त घरातल्यांनी खायचे, बाहेरच्याला देत नाहीत. भाऊबंद कुठेही असोत, त्या दिवशी थोरल्याच्या घरी येतात.

नाना नुकतेच मास्तर झाले होते तेव्हाची गोष्ट. दळण मोजायला बायका बसल्या आणि नानांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "माझ्या नावाची मूठ घालू नका. मी देवी मानत नाही. मानत नसताना घेणं म्हणजे खोटेपणा."

आबा म्हणाले, "ती मूठ देवीनी नही, घरनी शे."

नाना म्हणाले, "मग देवीसमोर का मोजता?"

नानांचा मुद्दा बिनतोड होता. ह्या एका मुद्द्यावर ते पुढे वर्षानुवर्षं कानबाईला गेले नाहीत. एरवी दिवाळी, अक्षय्य तृतीयेची आखाजी, कापूस वेचणी, सगळ्याला जात. कानबाईला नाही. आणि आबा दरवर्षी श्रावण लागला की स्वतः देवपुरात येऊन आमंत्रण देत. निरोप पाठवत नसत. ओसरीवर टोपी काढून बसत, काकूंच्या हातचा चहा घेत आणि विचारत, "येस का?"

"नाही," नाना म्हणत.

"बरं," आबा म्हणत. मग दोघे एखादा तास मजेत वाद घालत आणि नाना त्यांना स्टँडवर सोडायला जात. नकार हासुद्धा त्या सणाचा एक विधी होऊन गेला होता. मला त्यात काही दुःखाचं आहे असं तेव्हा वाटलं नाही. त्या दोघांनाही वाटत नसावं, असं मी समजत होतो.

ज्या वर्षी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होतो, त्या श्रावणात आबा आले ते फार थकलेले दिसत होते. दम लागत होता. पंख्याखाली बराच वेळ बसले. चहा अर्धाच घेतला. मग त्यांनी नेहमीचं विचारलं नाही. म्हणाले, "नाना, देव शे का नही ते मंग पाहू. औंदा तू ये."

नाना नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "पाहू."

आबांनी मान हलवली. त्या दिवशी वाद झाला नाही. स्टँडवर बस सुटेपर्यंत नाना खिडकीखाली उभे होते.

नाना जायचं म्हणत होते. काकूंनी पिशवीसुद्धा भरली होती. पण त्याच रविवारी वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं होतं आणि विषय होता, 'देव आहे का?' आयोजकांना नाही सांगणं त्यांना जमलं नाही. नास्तिकाने कानबाईसाठी ह्या विषयाचं व्याख्यान रद्द केलं असं लोक म्हणतील, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. काकूंना ते म्हणाले, "रोट काय, पुढे कितीतरी दिवस पुरवून खातात. मी सोमवारी जातो. आबाला तेवढं चालेल."

व्याख्यान फार सुंदर झालं. ते मी आजही सांगेन. मरणाच्या भीतीतून माणसाने देव कसा घडवला, आणि ती भीती टाकून दिली तर माणूस माणसाशी किती प्रेमाने वागेल, हे नाना बोलले तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. टाळ्या थांबत नव्हत्या. त्या थांबल्यावर दारात उभा असलेला गावाकडचा एक माणूस पुढे आला. दुपारी कानबाईसमोर रोटांचं ताट वाढलेलं असताना आबा भिंतीला टेकले होते, ते उठलेच नव्हते.

दहाव्या-तेराव्याला मी गावी होतो. नाना मला एकदाच म्हणाले, "मी गेलो असतो तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. त्याला पुरावा नाही." मग म्हणाले, "पण मी तिथे नव्हतो. त्याला आहे."

आमच्याकडे सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं तर तो सण मोडतो. मग त्या घरात तो धरत नाहीत. पुढे कधी नेमक्या त्याच सणाच्या दिवशी घरात मूल जन्मलं किंवा गोठ्यातली गाय व्यायली, तरच तो परत सुरू होतो. आबांच्या घरची कानबाई मोडली. भाऊबंद यायचे थांबले. आबांच्या दोन्ही मुली सासरी, नाना-काकूंना मूल नाही. वहिनी मोठ्या घरात एकट्या राहिल्या. पुढच्या श्रावणात नाना त्यांना भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "सासूनी माले जशी दिन्ही तशी मी चालाडी. मना हातमा मोडी गई." एवढंच म्हणाल्या. नानांना त्यांनी कशाबद्दलही दोष दिला नाही. दिला असता तर नानांना वाद घालता आला असता.

त्यानंतर नानांनी जे केलं ते सांगितलं तर पुष्कळांना खोटं वाटेल.

एका सकाळी ते भटजींच्या दारात जाऊन उभे राहिले. मी तेव्हा जळगावला मेहरूणला खोली घेऊन राहत होतो आणि सुट्टीला देवपुरात आलो होतो, म्हणून हा प्रसंग मला पाहायला मिळाला.

"पुढच्या वर्षी नागपंचमी कधी आहे?" नानांनी विचारलं.

भटजी उडालेच. "नाना, देव आठवला की काय?"

"देव नाही. तारीख विचारतोय."

"तारीख कशाला?"

"मागे मोजायची आहे. नऊ महिने नऊ दिवस."

भटजींनी एकदा नानांच्या पिकल्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "गायीचं विचारतोय," नाना घाईने म्हणाले. भटजींनी पंचांग काढलं. दोघांनी ओसरीवर बसून हिशेब केला. अधिक महिना कधी येतो ह्यावर वाद झाला आणि त्यात भटजी बरोबर निघाले. नानांनी ते मोकळेपणाने मान्य केलं.

मग नानांनी आबांच्या गोठ्यातली ढवळी नावाची गाय हाताशी धरली. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांचं डोकं खाल्लं. गाय माजावर कधी येते, किती तास राहते, वासरू किती दिवस पुढे-मागे होऊ शकतं, सगळं विचारून घेतलं. मळ्यावरच्या सालदाराला, म्हणजे सालगड्याला, सांगून तिला पेंड वाढवली. "हा शुद्ध प्रयोग आहे," ते मला बजावत. "देवीचा काही संबंध नाही. गर्भकाळ ही विज्ञानाची बाब आहे. ठरल्या दिवशी वासरू पाहिजे, तर ते गणिताने मिळालं पाहिजे."

"पण नाना, सण परत सुरू व्हावा म्हणूनच ना?"

"तो वहिनीचा निष्कर्ष. माझा विषय गर्भकाळापर्यंत. इथवर कबूल?"

मी कबूल म्हणायचो.

ढवळीला मात्र गणित कबूल नव्हतं. पहिल्या वर्षी ती पाहिजे तेव्हा माजावरच आली नाही. दवाखान्याच्या आवारात नाना तिच्यासमोर उकिडवे बसून राहिले आणि ती रवंथ करत राहिली. पुढच्या वेळी सगळं जमून आलं, तर वासरू आठवडाभर आधीच झालं. नानांना त्याचा इतका राग आला की ते त्या बिचाऱ्या वासराकडे बघेनात. गावातली पोरं त्यांना पाहून विचारायची, "नाना, गाय काय म्हणस? देव मानस का ती?" नाना उत्तर देत नसत. उत्तर न देणारे नाना मला ओळखीचे वाटत नसत.

त्या काळात ते वाद घालायचेच थांबले होते. शनिवारी देवळाबाहेर जात, पण गप्प उभे राहत. काकू मला म्हणाल्या, "घर ओकंबोकं झालंय रे. निदान तू तरी काहीतरी खोटंनाटं सांगून बघ, भांडतात का." मी एका बाबाच्या चमत्काराची थाप मारून पाहिली. नाना म्हणाले, "असेल." मला रडू यायचं बाकी राहिलं.

तिसऱ्या खेपेला श्रावणात त्यांचा निरोप आला. "शनिवारी ये. साक्षीदार लागेल."

मी रजा टाकून पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मळ्यात नाना आणि ढवळी दोघंच होते. सालदार त्याच्या घरच्या कानबाईला गेला होता. सरी पडून गेल्या होत्या आणि गोठ्याभोवती चिखल होता. नानांचा चेहरा पाहूनच मला कळलं, की काहीतरी बिनसलंय. ढवळी सारखी उठत-बसत होती. शेपटी वर धरत होती.

"उद्या व्हायला पाहिजे," नाना म्हणाले. "उद्या. हिशेब बरोबर आहे माझा."

ढवळी आडवी झाली. नाना तिच्या डोक्याशी बसले आणि तिच्या कपाळावरून हात फिरवू लागले. हलक्या आवाजात काही बोलत होते. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं, "थांब गं जरासं. एवढी रात्र काढ. एवढी एक रात्र काढ, माय." नाना कोणाची तरी विनवणी करत आहेत, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

दिवस मावळायच्या आत वासरू झालं. पांढरं, कपाळावर तांबूस ठिपका. शनिवारचं.

नानांनी ते गोणपाटाने पुसलं. त्याचं नाक साफ केलं, त्याला आईच्या सडापाशी नेलं. सगळं अगदी नीट केलं. मग हात धुऊन विहिरीच्या थारोळ्यावर जाऊन बसले, आबा बसत त्याच जागी, आणि अंधार पडेपर्यंत हलले नाहीत. आम्ही मळ्यातच झोपलो.

सकाळी नानांनी वासरू खांद्यावर घेतलं. "चल," म्हणाले. ढवळी हंबरत मागोमाग. मला वाटलं, प्रयोग फसला असं वहिनींना सांगायला चाललेत. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तसं बोलले असते तर एक मूठ गहू त्यांना केव्हाच घेता आला असता.

अंगणात नानांनी वासरू खाली ठेवलं. शेजारपाजारच्या चार बायका जमल्या. वहिनी दारातून खाली उतरल्या. वासराकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं.

"कव्हय व्हयनं?" त्यांनी विचारलं.

नानांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मी साक्षीदार होतो. मी मान खाली घातली.

"आज," नाना म्हणाले. "पहाटे."

वहिनी खाली बसल्या. त्यांचा सगळा जन्म गोठ्यात गेलेला. त्यांनी वासराच्या पाठीवरून हात फिरवला. अंग कोरडं होतं, केस मोकळे झाले होते. पोटाखाली नाळ सुकत आली होती. वासरू चार पायांवर घट्ट उभं होतं आणि उड्या मारायच्या तयारीत होतं. वहिनींचा हात नाळेपाशी जरा थांबला.

"हां," त्या म्हणाल्या. "आजनंच शे."

मग त्यांनी आतून हळदी-कुंकू आणून वासराच्या कपाळाला लावलं आणि बायकांना म्हणाल्या, "पुढला साल कानबाई बसई. बठ्ठा भाऊबंदास्ले सांगा." नाना तोंड फिरवून कुंपणाकडे बघत उभे होते.

"नाना," वहिनी म्हणाल्या, "जेवी ज्या. खीर करस मी."

"नाही," नाना म्हणाले. इतक्या वर्षांचं ते उत्तर, विचार करायच्या आधीच तोंडातून बाहेर पडलं असावं. वहिनी "बरं" म्हणाल्या.

आम्ही सडकेवर येऊन बसची वाट बघत बाभळीखाली उभे राहिलो. नाना धोतराला लागलेला चिखल नखाने खरवडत होते. मग ते म्हणाले, "फसली वहिनी."

नाळेपाशी थांबलेला हात मी पाहिला होता, त्यांनी तो पाहिला नव्हता. ते त्यांना सांगावं असं मला वाटलं नाही.

"आबा असता तर पकडलं असतं मला," नाना म्हणाले. "एकदा नुसतं बघितलं असतं आणि म्हणाला असता, नाना, कालनं शे हाई. मग मी म्हटलं असतं, पुरावा काय? मग त्यानं नाळ दाखवली असती. मी मान्य केलं नसतं. संध्याकाळपर्यंत भांडलो असतो आम्ही." त्यांनी नखातला चिखल झटकला. "त्याला फक्त मी यायला हवा होतो रे. मी त्याला उत्तर देत राहिलो."

बस आली. कंडक्टरने दार उघडलं. मी चढलो आणि मागे वळून हात दिला, पण नाना खालीच उभे होते.

"तू जा," ते म्हणाले. "काकूला सांग, मी संध्याकाळच्या गाडीने येतो. जेवायला थांबलोय म्हणावं, घरी."

बस हलली. मी मागच्या काचेपाशी जाऊन पाहिलं. चिखलातून चपला हातात घेऊन नाना गावाच्या वाटेने निघाले होते. भराभर चालत होते, उशीर झालेल्या माणसासारखे.